युवा मार्गदर्शनाचा हिशेब टिकलेल्या भेटींवरून मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, अहवालांची घाई सुरू होते. शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा शास्त्रवर्ग), महिला मंडळ, गायनवृंद, तरुण संघ, सगळ्यांचे कागद ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेआधी पाळकसाहेबांच्या हाती पडायला हवे असतात. त्यातच आता युवा मार्गदर्शनाचाही कागद असतो. एका तरुणाला किंवा तरुणीला मंडळीतल्या एका मोठ्या माणसाची सोबत द्यायची. दोघांनी ठरलेल्या दिवशी भेटायचे, बोलायचे, थोडे पवित्र शास्त्र वाचायचे, प्रार्थना करायची, आणि हे वर्षभर न चुकता करायचे, अशी ही सेवा. काम शांतपणे, दोघादोघांत चालणारे. अहवाल मात्र मेळाव्याचा लिहिला जातो. शिबिराला किती मुले आली, किती जणांनी विश्वास जाहीर करायला हात वर केले, कोणत्या पाहुण्यांनी संदेश दिला, सोबत चार फोटो. जोडीतल्या दोघांच्या किती भेटी झाल्या, हा आकडा त्यात नसतो. ही सेवा करणाऱ्यांनी वर्षाचा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा, यासाठी हे पत्र.

भेटींच्या संख्येला एवढे महत्त्व का? कारण अर्ध्यात सुटलेली जोडी मुलाला होती तिथे परत नेऊन ठेवत नाही, आणखी खाली ढकलते. अमेरिकेतल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेतील जोड्यांचा अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या मुलांची सोबत वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकली, त्यांना सर्वाधिक फायदा झाला. ज्यांची तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांची स्वतःविषयीची किंमत आधीपेक्षा घसरलेली दिसली. ज्या चळवळीतून ही संस्था आली, तिचा उगम चर्चमधल्याच एका बैठकीत आहे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातले कारकून अर्नेस्ट कोल्टर यांनी एका चर्चच्या पुरुष मंडळापुढे न्यायालयात येणाऱ्या पोरांची स्थिती सांगितली आणि प्रत्येकाने फक्त एका मुलाचा मित्र व्हावे, अशी विनंती केली. एकाने एक. आपल्याकडे उत्साहाच्या भरात एका माणसाच्या गळ्यात सहा-सहा मुले घातली जातात. मग मार्गदर्शन राहते बाजूला आणि पुन्हा एक वर्गच भरतो. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला दोनच्या वर मुले देऊ नयेत.

हिशेबाला साधन एवढेच लागते : जोडीमागे एक शंभर पानी वही. भेट झाली की तारीख, जागा, किती मिनिटे, आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करायचे ठरले, याची एक ओळ. मुलाने मन मोकळे करून सांगितलेले वहीत उतरवायचे नाही. वही कधी ना कधी कोणाच्या तरी हाती लागते. दर पंधरवड्याला एक भेट धरली तर वर्षाच्या २४ होतात. आजारपण, लग्नसराई, पाऊस वजा जाता १८ ते २० भेटी झाल्या तर ते वर्ष चांगले. १२ च्या खाली आकडा आला, तर ती जोडी कागदावरच होती असे समजावे, मग शिबिरात दोघे कितीही शेजारी बसलेले असोत. एकूण भेटींइतकेच सर्वांत मोठ्या खंडाकडे पाहावे. वर्षात १६ भेटी, पण मध्ये तीन महिने कोरडे, ही स्थिती १४ नियमित भेटींपेक्षा वाईट.

आता या जोड्या तुटतात केव्हा, ते पाहू. वह्या शेजारी शेजारी उघडून बसले की रिकाम्या जागा जवळपास त्याच महिन्यांत दिसतात. मंडळीचे वर्ष जानेवारीत सुरू होते, पोरांचे जूनमध्ये. नव्या वर्षाच्या संकल्पाच्या उबेत जानेवारीत जोड्या जाहीर करायच्या म्हणजे दोन-तीन भेटी होतात न होतात, तोच बारावीची परीक्षा, तिच्यामागून दहावीची. आईवडील म्हणतात, “आता परीक्षा होईपर्यंत कुठे जायचं नाही.” त्यांचे चूक नसते. परीक्षा संपते, पोरगा मामाकडे जातो. मे महिन्यात निकाल लागतो, जूनमध्ये प्रवेशाची धांदल. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाल्याने पसंतीक्रम भरणे, फेरीची वाट बघणे, कागदपत्रे चढवणे यात घरचे सगळेच गुंततात. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा कॉलेजसाठी संभाजीनगरला किंवा पुण्याला गेला, की जानेवारीतली जोडी जुलैत नावापुरती उरते. म्हणून जोड्या जुळवायच्या त्या जुलैच्या उत्तरार्धात, प्रवेश मार्गी लागल्यावर. मुलगा वर्षभर कुठल्या गावात राहणार, हे तोवर पक्के झालेले असते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि पलीकडे बीडच्या पट्ट्यात आणखी एक महिना जपावा लागतो. दिवाळीच्या आसपास मुकादमाची गाडी येते आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, म्हणजे मजुरीची एक जोडी. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बरोबर गेली तर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्यांना सांभाळते, मागे राहिली तर आजीपाशी राहून घर सांभाळते. दोन्हीकडे तिच्या वाट्याला पंधरवड्याचा मोकळा तास येत नाही. अशा घरातल्या मुलांसाठी ऑक्टोबरातच बसून वेगळा बेत करावा लागतो. आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दहा मिनिटांचा फोन, तोही आईच्या किंवा आजीच्या फोनवर, स्पीकर लावून. भेटीची जागा फोन भरून काढत नाही, पण धागा तुटत नाही. कारखान्याजवळ एखादी मंडळी असेल तर तिथल्या पाळकांना आधी कळवून ठेवावे. साखरशाळेची (ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेची) किंवा जवळच्या शाळेची चौकशी तेच चटकन करू शकतात.

परीक्षा, प्रवेश आणि ऊसतोड यांच्यानंतर चौथी रिकामी जागा डिसेंबरची. तिचे कारण मुले नाहीत, आपण आहोत. जो चांगला मार्गदर्शक असतो, तोच गायनवृंदात असतो, तोच नाताळच्या नाटिकेचे बघतो, कॅरोल घेऊन घरोघर तोच फिरतो. मुलाला त्या महिन्यात त्याच्याकडून काम मिळते, खुर्च्या लावायचे, तारे टांगायचे. वेळ मिळत नाही. घरात दारू असेल, भांडणे असतील, तर सणाच्या दिवसांत ती वाढतात आणि नेमके तेव्हाच मुलाचे ऐकणारा माणूस स्टेजमागे असतो. नाताळच्या आठवड्यात अर्ध्या तासाची एक भेट आधीच वहीत लिहून टाकावी. गायनाचा सराव एखादा चुकला तरी चालेल, ही भेट चुकू नये.

भेटीत काय करायचे, याचे शिक्षण कोणी देत नाही. शास्त्र ठाऊक असले की पोरांशी बोलता येते, असे धरले जाते. मार्गदर्शकाला निदान तीन शनिवार, प्रत्येकी तीन तास बसवावे आणि त्यातला बराचसा वेळ निव्वळ ऐकण्याच्या सरावाला द्यावा. सर्वांत जास्त जोड्या प्रवचनाने बिघडतात. तासाच्या भेटीत मोठा माणूस चाळीस मिनिटे बोलला, तर तिसऱ्या भेटीपासून मुलाला क्लास असतो, चौथीला पोट दुखते. प्रश्न कसा विचारावा, यातही फरक आहे. “अभ्यास कसा चाललाय?” याचे उत्तर “ठीक” असे येते आणि संवाद तिथेच मिटतो. “या आठवड्यात कुठल्या तासाला सर काय शिकवतायत ते डोक्यावरून गेलं?” असे विचारले, तर मुलगी बीजगणिताचे पुस्तक काढून पान दाखवते. त्या पानावरून ती क्लासच्या फीवर येते, फीवरून बाबांवर. वीस मिनिटे लागतात या प्रवासाला. ती लागू द्यायची. मधे उपदेश घातला की पुस्तक बंद होते.

एक तासाची आखणी साधारण अशी जमते. पहिली दहा मिनिटे चहा आणि इकडचे तिकडचे. मग मागच्या वेळी ठरले होते त्याचे काय झाले, यावर मोकळे बोलणे, याला निम्मा वेळ. नाही झाले तर का नाही झाले, एवढेच. मग पंधरा मिनिटे शास्त्राचा लहानसा भाग, शक्यतो मुलाने निवडलेला, वाचणाराही तोच. एखादे शुभवर्तमान सलग वाचत गेल्यास चांगले. दर वेळी सोयीचे वचन शोधून मुलाच्या चुकीवर ठेवू नये, कारण ते त्याला लगेच कळते. शेवटी प्रार्थना आणि पुढच्या भेटीची तारीख. तारीख ठरल्याशिवाय उठायचे नाही. “फोन करतो” म्हणून उठलेली भेट होत नाही.

माणसे निवडताना मंडळ्या फार सैल असतात, आणि इथे सैल राहणे पाप आहे असे आम्हाला वाटते. इच्छुक माणूस निदान दोन वर्षे मंडळीत नियमित असावा. मुलापेक्षा सात-आठ वर्षांनी तरी मोठा असावा. त्याच्याविषयी दोघांकडून लेखी माहिती घ्यावी, त्यातला एक मंडळीबाहेरचा, कामाच्या ठिकाणचा असावा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्यावा, त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. “आपल्याच घरातला माणूस, त्याचा दाखला कसला मागायचा?” असा संकोच वाटतो. म्हणून नियम सर्वांना सारखा ठेवावा, पाळकांच्या मुलालाही आणि वडीलमंडळाच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, सभासदालाही. मुलाला पुरुष आणि मुलीला बाईच मार्गदर्शक असावी. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आईवडिलांची लेखी संमती लागते. भेट लोकांच्या नजरेच्या टप्प्यात व्हावी : चर्चचा व्हरांडा, वाचनालय, दार उघडे ठेवलेली शाळेची खोली. मार्गदर्शकाच्या घरी एकट्याने नाही, मोटारसायकलवर मागे बसवून लांब नाही. मोबाइलवरच्या निरोपांत तिसरा मोठा माणूस असावा, रात्री नऊनंतर निरोप नको, आपोआप पुसले जाणारे निरोप तर मुळीच नकोत. पाळकांनी स्वतः जोडीत बसू नये, असे आमचे मत आहे. ते त्या घराचेही पाळक असतात, मुलाला बापाविषयी बोलायचे असेल तर तो त्यांच्यापाशी बोलायला कचरतो. आठ मार्गदर्शकांमागे एक समन्वयक हवा. त्याने महिन्यातून एकदा दोघांनाही वेगवेगळा फोन करावा, आणि लागोपाठ दोन भेटी चुकल्या की त्याच आठवड्यात घरी जाऊन यावे.

गुप्ततेबद्दल मुलाला पहिल्याच भेटीत खरे सांगावे. “तू सांगितलेलं मी कोणाला सांगणार नाही,” हे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. “तुला कोणी इजा करत असेल, किंवा तू स्वतःला इजा करून घेणार असशील, तर मला मदत आणावी लागेल. बाकीचं आपल्यातच,” असे म्हणावे. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर असा गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडण्याची शक्यता दिसली, तर कोणत्याही व्यक्तीने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आपल्या हाताखालच्या माणसाच्या बाबतीत संस्थेच्या प्रमुखाने ते दडवले तर एक वर्षापर्यंत. वडीलमंडळाची आधी सभा घेऊ, चौकशी करू, मग बघू, ही मुभा कायदा देत नाही. “मंडळीची बदनामी नको” म्हणून घरातल्या घरात मिटवलेले प्रकरण त्या मुलाच्या अंगावर दुसरा घाव घालते. मुलांसाठीचा १०९८ आणि मानसिक आधारासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हे मदतीचे फोन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

आणखी एका नाजूक गोष्टीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. दहावीनंतर मुले जातीच्या दाखल्याचा प्रश्न घेऊन येतात. शाळेच्या दाखल्यावर धर्म-जातीची एक नोंद, मंडळीच्या बाप्तिस्मा नोंदवहीत दुसरी. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० च्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा मुळात हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. धर्मांतरितांनाही हा दर्जा द्यावा का, हे तपासण्यासाठी २०२२ मध्ये केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. सतरा वर्षांच्या पोरापुढे हा प्रश्न शिष्यवृत्तीचा आणि प्रवेशाचा असतो, आणि त्याच वेळी देवापुढे आपण खोटे तर वागत नाही ना, याचाही. मार्गदर्शकाने इथे दोन गोष्टी करू नयेत : “घे लिहून, सगळेच घेतात” असे सांगू नये, आणि विश्वास कच्चा म्हणून त्याला दटावूही नये. जाणकार वकिलाकडे किंवा समाजकल्याण खात्याची कामे नीट ठाऊक असलेल्या माणसाकडे आईवडिलांसह पाठवावे. ख्रिस्ती म्हणून ज्या अल्पसंख्याक योजना लागू होतात, त्यांच्या मुदती जुलैतच शोधून वहीत लिहाव्यात. मुदत उलटल्यावर केलेल्या प्रार्थनेपेक्षा वेळेत भरलेल्या अर्जाने त्या घराला जास्त आधार मिळतो, हे आम्ही श्रद्धेनेच म्हणतो.

अभ्यासाच्या मदतीला शेजारपाजारची हिंदू, बौद्ध, मुस्लिम मुलेही येतात, यावीत. त्यांच्या आईवडिलांना आधी सांगावे की ही मंडळीची सेवा आहे आणि इथे प्रार्थना होते. ज्यांना ती नको, त्यांच्या मुलाला फक्त गणित-इंग्रजी शिकवावे आणि तेही तितक्याच मनापासून. अल्पवयीन मुलाला घरच्यांना अंधारात ठेवून शास्त्रवर्गात बसवणे चुकीचे आहे. कायद्याची भीती नसती, तरीही चुकीचेच ठरले असते.

पैशाचे थोडक्यात. मार्गदर्शकाने फी भरू नये, उसने देऊ नये, मोबाइल घेऊन देऊ नये. त्याने नाते देणाऱ्या-मागणाऱ्याचे होते आणि शेजारच्या मुलाच्या आईला प्रश्न पडतो. गरज असेल तर मंडळीच्या निधीकडे अर्ज करायला मदत करावी. एसटीचे भाडे आणि चहा मात्र मंडळीने द्यावा.

जोडी सुटते तेव्हा ती नीट सोडवावी लागते. तरुण मार्गदर्शक ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, दादाची बदली होते, हे दरवर्षी घडणारच. लग्नाची तारीख मंडळीत सर्वांना ठाऊक असते, पण त्या मुलीला पुढे कोण भेटणार याचा विचार हळदीच्या दिवसापर्यंत कोणी केलेला नसतो. मुलीला एवढेच दिसते की आणखी एक माणूस गेले. निरोपाला तीन भेटी राखाव्यात. पहिलीत जाण्याचे सांगणे, दुसरीत वही काढून वर्षभरात काय काय झाले ते दोघींनी मिळून वाचणे, तिसरीत नवी ताई सोबत असणे. तिन्हींना मिळून दीड महिना लागतो.

उलट, मुलानेच पाठ फिरवली तर? नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर प्रवासाला निघालेला योहान मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परत गेला, हे सर्वांना माहीत आहे. पुढच्या प्रवासाला पौल त्याला घ्यायला तयार नव्हता. बर्णबाने त्याला घेतले आणि दोघे तारवात बसून कुप्राला (सायप्रसला) गेले. त्याच मार्काला आपल्याकडे घेऊन ये, तो सेवेला उपयोगी आहे, असे पौलाने पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिले. म्हणून निघून गेलेल्या मुलाचे नाव यादीतून खोडू नये. महिन्यातून एकदा एक साधा फोन, “का येत नाहीस?” हा प्रश्न न विचारता, वर्षभर करत राहावा.

राहता राहिला अहवाल. तो एका पानाचा असावा. जुलैत किती जोड्या होत्या, त्यातल्या किती आज त्याच आहेत. प्रत्येकीच्या ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या, सर्वांत मोठा खंड किती आठवड्यांचा आणि कशामुळे. किती जोड्या सुटल्या, त्यातल्या किती नीट निरोप घेऊन. मुलांचे म्हणणे जोडीबाहेरच्या माणसाने, नाव न लिहिता, सहा-सात प्रश्नांत विचारून घेतलेले असावे. तक्रारी किती आल्या, हेही लिहावे. तिथे शून्य असेल तर आनंद मानण्याआधी एवढे तपासावे की तक्रार कोणाकडे करायची, हे मुलांना सांगितले होते का, आणि तो माणूस मार्गदर्शकाचा नातेवाईक तर नाही.

३१ तारखेच्या रात्री मुलांना पुढे उभे करून साक्ष द्यायला लावू नये. बापाची दारू, स्वतःचे नापास होणे, मनातली भीती, हे त्याने एका माणसाला विश्वासाने सांगितलेले असते. तीनशे माणसांसमोर ते माइकवर आले, की दुसऱ्या दिवशी गावात होते आणि मोबाइलवर कायमचे राहते. आभार मानायचेच असतील तर मार्गदर्शकांना उभे करून त्यांचे मानावेत. मुलांना त्या रात्री प्रीतिभोजनाच्या पंगतीत आपल्या दादा-ताईंशेजारी बसू द्यावे. वही बरोबर असेल तर जानेवारीतल्या पहिल्या भेटीची तारीख तिथेच लिहून टाकता येईल.

आपले,
युवा मार्गदर्शन सेवेतील कार्यकर्ते,
अहिल्यानगर जिल्हा